सहा आठवडे काही उचलायचं नाही

४ मार्च
हर्नियाच्या ऑपरेशनला आज बारा दिवस. डॉक्टरांनी बजावलंय — सहा आठवडे पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. आणि कोबी नेमका आत्ताच काढणीला आलाय! ही एकटीच कापते, एकटीच क्रेट भरते, एकटीच रस्त्यापर्यंत वाहून नेते. मी आपला खिडकीत. हात शिवशिवतात नुसते.
मघाशी हळूच बांधापर्यंत गेलो तर कमरेवर हात ठेवून उभीच! "टाके उसवले तर मी शिवून देणार नाही हं. उशीचा अभ्रा नाही तो." स्वतःच्याच बोलण्यावर हसली आणि हसता हसता धाप लागली तिला. म्हटलं, बस जरा.
"तुम्ही बसलाय ना दोघांच्या वाटचं!"

९ मार्च
तिचे पाय सुजलेत. चप्पल चढेना, तर माझे बूट घालून शेतात गेली. दवाखान्यात जाऊ या म्हटलं. "कोबी संपू दे." मीही फार ताणलं नाही. का नाही ताणलं?

११ मार्च
ती गेली.

१६ मार्च
टेम्पोवाला येऊन बसला होता. "अठ्ठावीस क्रेट झाले होते, दादा. एकोणतिसाव्यापाशी वहिनी खाली बसल्या. मला वाटलं, दम खातायत. मी दोरी आवळत बसलो..." रडायला लागला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. बरं वाटलं — हाताला तेवढंच काम.
तिचं हृदय थकलं होतं, डॉक्टर म्हणाले. माझी जखम मात्र झकास भरलीय म्हणे!

२१ मार्च
लेक आलीय, रजा काढून. सकाळी कोयता घेऊन कोबीत शिरायला निघाली. असा ओरडलो की तिचा चेहराच पडला.
दुपारी ती झोपल्यावर मी गेलो. भरलेला क्रेट उचलला. मुद्दाम. आत काहीतरी तुटू दे म्हणून. काही तुटलं नाही.
मागे वळलो तर लेक बांधावर.
"बाबा, आता तुम्हीपण?"
एवढंच. क्रेट खाली ठेवला. मग तिथेच दोघं मातीत बसलो, ऊन कलेपर्यंत.

३० मार्च
उरलेला कोबी जागेवरच फुटला. गुरांना घेऊन जा म्हणून शेजाऱ्यांना सांगितलं.
लेक परत गेली. रोज फोन करते — जेवलात का, गोळी घेतलीत का, चाललात का. हो, हो, हो. सगळं वेळेवर करतो. पाठ टेकतो. पाणी पितो. ऊन चढायच्या आत घरात येतो. हे सगळं हिला कुणी करायला लावलं असतं तर! मीच लावायला हवं होतं. पंचवीस वर्षांत एकदाही म्हणालो नाही — आज राहू दे, पड तू.

४ एप्रिल
सहा आठवडे झाले. तपासणीला गेलो. पोटाचा पट्टा सोडताना नर्सबाई म्हणाल्या, "त्यांचं फार वाईट झालं हो. तुमच्या ऑपरेशनच्या आठवडाभर आधी आल्या होत्या इथे. डॉक्टरांनी लगेच दाखल व्हायला सांगितलं होतं."
मग?
"म्हणाल्या, आधी यांचं होऊ दे. आमच्या घरात एका वेळी एकानेच आजारी पडायचं असतं."