उंच आणि डावखुरा

१२ जुलै

प्रिय ताई,

नमस्कार. मी ठीक आहे. तूही ठीक असशील असं धरून चालतो, कारण असं धरून चालायची आपल्या घराची जुनी पद्धत आहे.

आधी एका घोर अन्यायाची नोंद घे. बॉक्सिंगच्या ग्लोव्हजच्या आत हाताला गुंडाळायच्या कापडी पट्ट्या असतात, एकेक माझ्या उंचीच्या दुप्पट लांब. अख्ख्या वर्गाच्या पट्ट्या मी विश्वासाने माझ्या कपडे धुवायच्या मशीनमध्ये टाकल्या. मशीनने परत दिलं ते एकच ओलं जनावर, ज्याचं डोकं कुठलं आणि शेपूट कुठलं ते कळत नाही. तीन संध्याकाळी मी ते मांडीवर घेऊन गाठी सोडवतोय. मशीनवर लोकरीसाठी वेगळं बटण आहे, तान्ह्या बाळांच्या कपड्यांसाठी आहे. मुष्टियोद्ध्यांचा विचार कुणालाही करावासा वाटला नाही.

तू विचारलंस, हे ‘नॉन-कॉन्टॅक्ट बॉक्सिंग’ म्हणजे काय. बॉक्सिंगमधून मार वजा केला की जे उरतं ते. वरच्या दोन वर्गांतल्या मुलांना घाम गाळायचाय, पालकांना मुलांचे दात शाबूत हवेत आणि मुख्याध्यापिकाबाईंना अहवालासाठी फोटो हवेत. सगळ्यांचं समाधान करणारा असा खेळ दुसरा नाही. पिशवीला मारा, उड्या मारा, हवेत ठोसे मारा. पण कुणाला बोट लागलं की वर्गाबाहेर. हा नियम मी स्वतः केलाय आणि तो मला फार मानवतो.

हवेतल्या बॉक्सिंगची गंमत सांगतो. समोर कुणीतरी आहे असं समजून ठोसे मारायचे आणि त्याचे चुकवायचे. थोडं नीट पाहिलं की मुलाच्या हालचालींवरून त्याचा तो ‘कुणीतरी’ दिसायला लागतो. परवा मागची अख्खी रांग पोटाच्या उंचीवर बुक्के घालत होती. मी म्हटलं, “बुटका, ढेरपोट्या, बहुतेक गणित शिकवतो.” काय टाळ्या पडल्या! आता तो खेळच झालाय. कुणीही कुणाचा ‘कुणीतरी’ ओळखायचा. चुकलं तर ओळखणाऱ्याने दहा उठाबशा, बरोबर निघाला तर समोरच्याने.

तुझं पत्र मिळालं. गुडघ्याचं ऑपरेशन करूनच घे, टाळू नकोस. अण्णांना माझ्याकडे ठेवायचं बघू. दोन-तीन महिन्यांचाच प्रश्न आहे हे कळतं मला. पण माझ्याकडे खाट एकच आहे. जिना अंधारा आहे. न्हाणीघराचं दार आत उघडतं. बघू.

फोन करत नाही. तुझ्या उजव्या कानाला ऐकू येत नाही आणि डाव्या कानापाशी अण्णा बसलेले असतात.

तुझा,
गाठींत अडकलेला धाकटा


२९ जुलै

प्रिय ताई,

गाठी सुटल्या. दोन पट्ट्या कात्रीने कापाव्या लागल्या, हे शाळेला कळवू नकोस.

तुझं उत्तर आलं. “हो की नाही, एका शब्दात कळव. म्हाताऱ्या बापाचा डावा हात लुळा पडलाय, आता त्यांचा तुला काय त्रास?” तुझं अक्षर एवढं टोचरं असतं हे विसरलोच होतो. एक शब्द देतो, पण आधी सोमवारचं ऐक.

वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे ‘पंचनामा’ म्हणतात. कमी बोलते, पण सगळं बघून ठेवते. मी हवेतल्या बॉक्सिंगची पूर्ण एक फेरी करून दाखवली, घाम पुसला, तर हिचा हात वर.

“सर, आज तुमचा ओळखू?”

“माझा कुणी नसतो. मी तंत्र दाखवतोय.”

“उंच आहे. आणि डावखुरा.”

पोरं खिदळली. एक जण म्हणाला, “सरांपेक्षा उंच? अगं, सर स्टूल न घेता पंखा पुसतात!”

“उंचच आहे. सर आधी मान वर करून बघतात, मग चुकवतात.” ती माझ्याकडे न बघता, जमिनीवरच्या माझ्या पावलांकडे बघत बोलत होती. “आणि सर, तो ठोसा मारत नाही. उघड्या हाताने मारतो.”

“हे कुठून काढलंस?”

“आम्हाला सांगता, हनुवटी झाका. तुम्ही कान झाकता. उजवा.”

मी म्हटलं, “साफ चूक. काढ दहा.”

तिने वाद घातला नाही. दहा उठाबशा काढल्या, मोठ्याने मोजत, आणि प्रत्येक वेळी वर येताना माझ्याकडे बघत.

मुलं गेल्यावर मी हॉलमध्ये थांबलो. समोर भिंतभर आरसा आहे. त्यात मी एकटाच होतो, हे पुन्हा पुन्हा पाहून घेतलं. फेरी सुरू केली आणि दुसऱ्या-तिसऱ्या पावलालाच उजवा हात कानावर. मग तो हात पट्टीने कमरेशी बांधला आणि पुन्हा उभा राहिलो. तर मान गेली. खांदा वर, मान डावीकडे, डोळे मिटलेले. आरशात एक सहा फुटी माणूस हॉलमध्ये एकटा उभा राहून अंग चोरत होता. तू लिहितेस, त्या हातात आता जीव नाही. ताई, माझ्याकडे तो रोज चार वाजता वर्गात येतो.

तुझा कान लहानपणी तापात गेला, असं आपण सगळ्यांना सांगतो. डॉक्टरांनाही तेच सांगितलं होतं. ताप कुणालाच आला नव्हता. हात माझ्यासाठी निघाला होता, मधे तू आलीस. हे तुला नव्याने सांगायला नको, पण आजवर आपण दोघांनी हे एकमेकांनाही सांगितलेलं नाही. आणि त्या माणसाला तूच सांभाळतेस, त्याच्या तोंडात घास तूच घालतेस. कसं, हे मी कधी विचारलं नाही. उत्तर मिळालं असतं तर मलाही शिकावं लागलं असतं.

खाटेचं कारण खोटं आहे. मी जमिनीवर झोपू शकतो. भीती अण्णांची नाही. ते बसलेले असतील, मी उभा असेन. काहीतरी सांडेल, ते काहीतरी बोलतील. आता घरात उंच मी असेन, ताई. माझा हात काय करेल ते मला माहीत नाही. इतकी वर्षं मी तो हवेतच ठेवलाय, कुणालाही लागू न देता.

एक शब्द मागितला होतास. तेवढा सोडून बाकी सगळं लिहिलं. भावजींना म्हणावं, रविवारी घेऊन या.

हो.

तुझा,
धाकटा


२० ऑगस्ट

प्रिय ताई,

ऑपरेशन नीट झालं हे भावजींकडून कळलं. आता तरी झोपून राहा. दुसऱ्याची चादर नीट करायला उठू नकोस.

इकडची बातमी. अण्णा आता जेमतेम माझ्या खांद्यापर्यंत येतात. तू हे सांगितलं नव्हतंस. दार उघडलं तेव्हा मी नेहमीच्या उंचीवर पाहिलं आणि तिथे जिन्याची भिंतच होती. मग खाली पाहिलं.

खाट आवडली नाही, उशी आवडली नाही, चहा “कोमट” होता. तुझ्याकडचा चहा कसा असतो ते रोज ऐकत होतो. दर चार दिवसांनी त्यांच्या डाव्या हाताची नखं कापतो. थंड असतो तो, आणि जड. कुणीतरी आपल्याकडे ठेवायला दिलेल्या सामानासारखा. काल कापताना करंगळी हलली. डॉक्टर म्हणतात, हलू शकत नाही. तरी मी नेलकटर खाली ठेवून थोडा वेळ बाहेर उभा राहिलो.

आणि जे व्हायची भीती होती ते झालं. मागच्या आठवड्यात जेवताना पाण्याचा पेला कलंडला. ताट, लुंगी, जमीन, सगळं ओलं. वर म्हणाले, “धड ठेवता येत नाही? तसाच राहिलास, बावळट.” तोच शब्द, तोच सूर. माझा हात उठला. खरंच उठला, ताई, मी बघत होतो. आणि गेला कुठे? माझ्याच कानावर.

मी तसाच उभा राहिलो, कान झाकून, जमिनीवर पाणी पसरत होतं. अण्णांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग उजव्या हाताने त्यांनी तो डावा हात उचलला आणि ताटाआड, मांडीवर, नजरेआड ठेवला. मी फडकं आणलं. त्या दिवसापासून चहा कोमट नसतो, किंवा ते तसं म्हणत नाहीत.

दुपारी अण्णांजवळ बसणाऱ्या बाईंना तीनला जायचं असतं आणि शाळा समोरच आहे, म्हणून आजपासून अण्णांना हॉलमध्ये आणतोय. आरशाखाली खुर्ची टाकली, उजव्या हातात फेरीची घंटा दिली. मुलं खूश. अण्णा मात्र फेरी संपायच्या आत घंटा वाजवतात, मी म्हटलं तर म्हणतात, “दमलीत पोरं.”

पंचनामाने त्यांच्याकडे पाहिलं, मांडीवरच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जवळ येऊन हळूच म्हणाली, “सर, पण हे तर बुटके आहेत.”

“तेव्हा नव्हते.”

ती जाऊन रांगेत उभी राहिली.

तुझे डॉक्टर तपासायला आले की कानाचंही विचार. आणि ताई, या वेळी तापाचं सांगू नकोस.

पुढची फेरी सुरू करण्याआधी मी वर्गासमोर गेलो आणि उठाबशा काढायला लागलो. पोरांना वाटलं, नवीन व्यायाम आहे. दोघांनी माझ्याबरोबर सुरूही केल्या. अण्णांनी विचारलं, “कसली शिक्षा रे?”

“शिक्षा नाही, अण्णा. एकीचं देणं होतं.”

पंचनामा ओठांतल्या ओठांत मोजत होती. आठव्याला माझा गुडघा कडाडला. दहावी झाल्यावर तिने मान हलवली, फिटलं अशी, आणि दोन्ही हात हनुवटीपाशी आणले. मग घंटा वाजली.

तुला बघायला येईन तेव्हा लहानपणीसारखा डावीकडे बसेन, म्हणजे ओरडावं लागणार नाही.

तुझा,
आता अण्णांच्या ताटापाशी बसून जेवणारा,
धाकटा