हॉस्पिटलचा हिरवा

३ फेब्रुवारी

प्रिय तुणतुण्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. गुडघा सोडला तर मी बरी आहे. दवाखान्यात नेहमीचंच चालू आहे. डॉक्टर दात काढतात आणि मी शेजारी उभी राहून लोकांना 'अजिबात दुखणार नाही' असं सांगते. तीस वर्षं झाली, अजून एकानेही विश्वास ठेवलेला नाही. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू तीन मिनिटांत 'बरं, ठेवतो' म्हणतोस. पत्र मात्र शेवटपर्यंत वाचतोस.

जागा बदलायचं नक्की झालं. पुढच्या महिन्याच्या शेवटी मी दवाखान्याजवळच्या दोन खोल्यांत जाते आहे. एकटीला हे घर मोठं पडतं आणि गुडघ्याला जिना. जिन्याखालची खोली उपसताना तुझा गिटारचा ॲम्प निघाला, बाबांच्या जुन्या चादरीत गुंडाळलेला. त्याचं काय करू असं मी विचारलं होतं, त्यावर तुझं उत्तर एका ओळीचं: 'भंगारात दे, बाबांनी त्याला तेव्हाच मारून टाकलंय.'

त्या ओळीखाली तुझ्या लेकीने गोल अक्षरात आणखी एक ओळ घातली आहे. पाकीट बंद करताना ती तू पाहिलीस की नाही, कोण जाणे. 'आत्या, मी गिटार शिकतेय. आजोबांनी मुद्दाम ॲम्पला रंग फासला असं बाबा सांगतात. ते खरंच इतके वाईट होते का?'

ही ओळ मी चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरते आहे. तिला सांग, आत्या उत्तर देणार आहे आणि नीट देणार आहे. त्याआधी हा रंग निघतो का ते बघू दे.

हो, मी तो काढायला घेतला आहे. हसू नकोस. कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्याला घरी आणून दाखवला. ॲम्पवरून हात फिरवताना तो असा हळहळला की मला वाटलं आता रडतो की काय. म्हणाला, 'ताई, असा माल आता बघायला मिळत नाही. आणि याला हॉस्पिटलसारखा हिरवा रंग कोणी दिला?' मी म्हटलं, मोठी गोष्ट आहे, चहा घ्या. आतला विजेचा भाग त्याने जपून सोडवून दुकानात नेला, कारण बंद असला तरी म्हणे त्याच्यात करंट धरलेला असतो. मला बजावून गेला की थिनरला हात लावायचा नाही, थिनरने रंगाबरोबर खालचं रेक्झिनही विरघळतं. भिंतीचा पाण्यातला रंग असेल तर स्पिरिटने मऊ पडेल. तेही आधी मागच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी लावून बघा.

स्पिरिट आणि कापूस तर माझ्या रोजच्या हातातले. मागच्या कडेला बोळा दाबून धरला, पन्नासपर्यंत मोजलं आणि जुन्या टूथब्रशने हळूच घासलं. रंगाची साय सुरकुतून वर आली आणि खाली काळं, दाणेदार रेक्झिन दिसलं. बोटाच्या पेराएवढं. मी खुर्चीत बसून त्याच्याकडे बघत राहिले, चहा गार होईपर्यंत.

वहिनीला नमस्कार, लेकीला पापा.

तुझी ताई


१९ फेब्रुवारी

प्रिय तुणतुण्या,

'उगाच हात दुखवून घेऊ नकोस' हे तुझं फर्मान मिळालं. फर्मान काढायला तू अजून लहान आहेस. हात दुखतातच, त्यात नवीन ते काय.

एका बैठकीत तळहाताएवढा भाग होतो. एक बाजू आणि वरचा भाग झाला, हँडलसुद्धा. रेक्झिनच्या प्रत्येक दाण्याभोवती रंग बसलाय, दातांच्या फटीत किटण बसतं तसा. वरवर पुसलं की पांढुरकी छटा उरते आणि जोर लावला की दाणा गुळगुळीत होण्याची भीती. म्हणून ब्रश एकाच दिशेने, हलक्या हाताने. डॉक्टरांनी दवाखान्यातला दात कोरायचा एक बोथट झालेला आकडा दिला आहे, तो शिवणीच्या खाचेत छान चालतो. ते विचारत होते, पेशंट कोण? मी म्हटलं, भाऊ. ते हसले.

घासता घासता जुनं आठवत राहतं. आपल्या घरात एकही वस्तू जुनी व्हायची नाही, आठवतं? जुनी झाली की बाबांच्या उरलेल्या डब्यातला रंग तिला लागायचा. स्टूल, ट्रंक, पिंप, तुझ्या सायकलचे मडगार्ड. बाबांचं काम सध्या कुठे चालू आहे हे शेजारी आपलं पिंप बघून सांगायचे. शाळेचं काम निघालं की पिंप पिवळं, बँकेचं निघालं की राखाडी. तू म्हणायचास, आपण घरात राहत नाही, शेडकार्डात राहतो. आणि या सगळ्यावर बाबा सर्वांत मोठ्याने हसायचे. तू बाबांबद्दल लिहितोस त्यात हे हसणं कधीच नसतं.

दुसरी एक गोष्ट दिसली. या ॲम्पवर ओघळ फार आहेत. उजव्या बाजूला तर तीन, चांगले वीतभर लांब. ब्रशचे फटकारेही कसे, काही उभे, काही आडवे, मध्येच ब्रशचा केस चिकटलेला. इतक्या जवळून तू तो कधी पाहिलाच नाहीस. दारातून पाहिलास आणि निघून गेलास.

यापुढे लिहायला बसले होते, पण आता स्पिरिट संपलं आहे आणि दुकान बंद व्हायच्या आत गेलं पाहिजे.

हे खरं कारण नाही. तरी आज एवढंच.

तुझी ताई


११ मार्च

प्रिय तुणतुण्या,

हे पत्र तू आधी एकट्याने वाच, आणि बसून वाच. मी रोज लोकांना दुखणार नाही म्हणून सांगते. तुला तसं सांगत नाही.

ॲम्पला रंग बाबांनी लावला नाही. मी लावला.

ही ओळ लिहायला मला चोवीस वर्षं लागली. लिहून झाल्यावर उठून दोनदा हात धुऊन आले.

तुझा पहिला कार्यक्रम दोन दिवसांवर आला होता. तुझ्या त्या ड्रमवाल्या मित्राने सगळ्यांसमोर विचारलं होतं, 'हा खोका कुठल्या कचऱ्यातून उचललास?' तू घरी येऊन जेवला नाहीस. दुसऱ्या दिवशी तू सरावाला गेलास आणि मी त्या खोक्यासमोर बसले. कोपरे सोललेले, रेक्झिन भुरकट झालेलं. मी कुणाची मुलगी आहे? वस्तू जुनी दिसते, भाऊ जेवत नाही आणि घरात अर्धा डबा रंग आहे, यावर मला दुसरं काय सुचणार होतं? बाबांचं काम तेव्हा हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये चालू होतं, म्हणून हिरवा. पुढच्या कापडावर वर्तमानपत्र चिकटवलं, बटणांना चिंध्या बांधल्या आणि दुपारभर रंगवत बसले. मला तो फार सुंदर वाटला होता रे. तू आल्यावर कसा उड्या मारशील, तेच डोळ्यांसमोर होतं.

आधी बाबा आले. ओल्या रंगावर बोट टेकवून बघितलं. म्हणाले, 'अगं, रेक्झिनवर भिंतीचा रंग कोणी लावतं का?' आणि ओलं फडकं घेऊन, गुडघ्यावर बसून, निघतो का ते बघायला लागले. मी स्वयंपाकघरात ब्रश धुवायला गेले. तेवढ्यात तू दारात आलास आणि तुला बाबा दिसले, शेजारी डबा आणि हातात फडकं. आठवडाभर तुमचं गिटारवरून वाजतच होतं. तुला विचारायची गरजच पडली नाही.

तू जे बोललास ते सगळं मला पाठ आहे, त्यातलं एकच लिहिते. 'तुमचा हात लागलेली एकही वस्तू मला नको.'

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, कोपरापर्यंत हिरवी. तू एकदा जरी वळला असतास तर दिसले असते. बाबांना दिसले. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि मान हलवली, नाही म्हणून. मी गप्प राहिले. तू गिटार उचललीस आणि गेलास. मी तेव्हा घाबरले होते, असं म्हणून यातून सुटता येईल, पण ते त्या संध्याकाळपुरतंच खरं आहे. पुढची चोवीस वर्षं मी घाबरलेली नव्हते.

महिन्याभराने तुझं पहिलं पत्र आलं, माझ्या नावाने. मी बाबांना म्हटलं, मी त्याला आता खरं कळवते. ते म्हणाले, 'त्याला माझ्यावर रागावू दे. तुझ्यावरही रागावला तर या घरात पत्र कुणाला लिहील?'

आणि ते मला पटलं. सोयीचं होतं, म्हणून लगेच पटलं. तुझी पत्रं मी त्यांना वाचून दाखवायची. त्यांच्याबद्दल काही असलं की तेवढं गाळायची. कुठे गाळलं ते त्यांना कळायचं, कारण तिथे मी घाईने वाचायची. ऐकून झालं की ते एकच विचारायचे, 'तब्येत बरी आहे ना त्याची?' ते गेले तेव्हा तू आला नाहीस. तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. पण आता माझं म्हणायला तू एकटाच उरला होतास, आणि तुझं प्रेम मी बाबांच्या जिवावर खात आले होते. ते सोडवेना. आता तुझी लेक विचारते आहे, आणि तिच्या आजोबांबद्दल तिच्याशी खोटं बोलायचं मला जमणार नाही.

तुझ्यावर रागही आहे माझा. तू रंगाऱ्याचा मुलगा. बाबांनी रंगवलेल्या भिंतीवर आयुष्यात एक तरी ओघळ पाहिलास? तू जवळ येऊन एकदा नीट बघितलं असतंस, तर हे त्यांचं काम नाही हे तुला तिथल्या तिथे कळलं असतं.

ॲम्प पूर्ण झाला आहे. कोपऱ्यांना थोडी हिरवी झाक राहिली, ती जाणार नाही. काल रेडिओवाला आतला भाग बसवायला आला. त्यासाठी आम्ही दोघांनी ॲम्प आडवा केला आणि पहिल्यांदाच मला त्याचा तळ दिसला. माझा एक ओघळ कडेवरून खाली तळापर्यंत गेला होता. तिथे रुपयाएवढ्या जागेत रंग निघालेला आहे, आणि त्याखालचं रेक्झिन विरघळून चकचकीत झालं आहे. रेडिओवाला म्हणाला, 'कुणीतरी थिनर लावून बघितलंय, आणि लगेच थांबलंय.' कुणाला दिसणार नाही अशा जागी आधी लावून बघायची सवय आपल्या घरात कुणाला होती, ते तुला माहीत आहे. मला त्यांनी हे कधी बोलून दाखवलं नाही.

त्या मऊ झालेल्या रेक्झिनमध्ये अंगठा उमटला आहे. पत्र्याने कापलेल्या आडव्या चिरेसकट. तू लहानपणी त्या चिरेवरून बोट फिरवत झोपायचास.

तेवढी जागा मी पुसलेली नाही. अख्ख्या ॲम्पवर बाबांच्या हाताची खूण म्हणशील तर ती एवढीच.

रेडिओवाल्याने तो सुरू करून दाखवला. दिवे लागले, आधी नुसती घरघर झाली आणि मग खोलीभर आवाज भरला. महिन्याच्या शेवटी मी जागा सोडते. तोवर तो दाराजवळ ठेवला आहे. तुला हवा असेल तर घेऊन जा, लेकीलाही आण. तळ तिला तूच दाखव. तिच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. तिथवर येणं तुला जमलं नाही, माझं तोंड बघवलं नाही, तर रेडिओवाला पाठवून देईल, त्याला सांगून ठेवलं आहे. पत्र आलं नाही तरी मी समजेन.

ॲम्प रंगवणारी,
तुझी ताई