सरासरी चौदा मिलिसेकंद

४ मार्च, सकाळी ९.१०
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही, बायकोला तर नाहीच. नेटवर्क विभागाला प्रमुख नेमायचाय. माझ्याशिवाय आहेच कोण? मुलाखतीसाठी सोपी वाक्यं पाठ करायला घेतली. ‘लोक वेबसाइटचं नाव टाइप करतात. आमचा DNS सर्व्हर त्या नावाचा पत्ता सांगतो. आमचे सव्वीस सर्व्हर, उत्तराला सरासरी चौदा मिलिसेकंद.’ आरशासमोर तीनदा म्हटलं. बायको म्हणाली, दूध उतू गेलं.

९ मार्च
ताईचा फोन. ती राज्याच्या पार त्या टोकाला, छोट्या हॉस्पिटलात मुख्य नर्स. म्हणते, कॉम्प्युटरवर पानंच उघडत नाहीत, संध्याकाळी तर फारच. मी म्हटलं, कॉम्प्युटर जुना असेल. म्हणाली, गेल्या महिन्यात नवा आलाय. मग केबल खराब असेल, म्हटलं. जानेवारीत मी स्वतः जाऊन त्यांच्या राउटरवर आमचा DNS टाकून आलोय, त्यामुळे दोष आमच्याकडे असणं शक्य नाही.
मग भाऊजींनी फोन घेतला. निवृत्त भूगोल मास्तर. मला ‘नेटवाले’ म्हणतात. त्यांनी सहलीत हरवलेल्या वर्गाची गोष्ट पुन्हा सांगितली. चौथ्यांदा. पस्तीस मिनिटं गेली.
संकल्प: भाऊजींचा फोन दहा मिनिटांत आटपायचा.

१३ मार्च
चष्मेवालीनं (आमच्या टीममधली, दोन वर्षं झाली, फार प्रश्न विचारते) मीटिंगमध्ये आलेख लावला. म्हणे, सरासरी चौदा असली तरी त्या टोकाच्या भागाला तीनशे दहा लागतात. तिथून कुणी पत्ता विचारला की तो प्रश्न समुद्र ओलांडून दुसऱ्या खंडातल्या सर्व्हरला जातो, तिथून उत्तर येतं. आणि तिथून चाळीस किलोमीटरवर आपला सर्व्हर नुसता बसलाय! संध्याकाळी समुद्रापलीकडची लाइन तुंबते, प्रश्न वाटेतच हरवतो, कॉम्प्युटर पाच सेकंद वाट बघून पुन्हा विचारतो. एका पानात अशी वीस-पंचवीस नावं.
मी शांतपणे समजावलं, की इंटरनेटला अंतर कळत नाही. राउटर किलोमीटर बघत नाहीत, मधली नेटवर्कं किती ते मोजतात. तिथल्या केबल कंपनीनं स्वस्तातली वाट घेतली असणार. आपण काय करणार? शिवाय तो भाग आपल्या एकूण वापराच्या अर्धा टक्कासुद्धा नाही.
साहेब हसले. माझ्या बाजूनं हसले.

१४ मार्च
ताईला सांगितलं, चौकशी सुरू आहे. (करणार आहे.) तिथला केबलवाला म्हणतो, पूर्वीचं सेटिंग परत लावून बघू. मी स्वच्छ नाही म्हटलं. प्रमुख होऊ घातलेल्या माणसाच्या सख्ख्या बहिणीकडेच आमचा सर्व्हर नाही, हे शोभेल का? तिनं राउटरचा पासवर्ड मागितला. मेसेज करतो म्हटलं.

२० मार्च
पासवर्ड पाठवायचा राहिला. मुलाखत सत्तावीसला, संध्याकाळी पाचला. नवा शर्ट आणला. गळ्यात घट्ट होतो, पण रुबाब येतो.

२७ मार्च, रात्री ८.००
मुलाखत उत्तम. ‘चौदा मिलिसेकंद’वर सगळ्यांनी माना डोलावल्या. मध्ये ताईचे चार फोन आले, चारही कापले. पाचव्याला फोनच बंद केला.
आत्ता चालू केला. मेसेज आहे. ‘ह्यांना अ‍ॅटॅक आलाय, मेंदूचा. पासवर्ड सांग.’ वेळ ६.०४.
फोन लावतोय. उचलत नाही.

२८ मार्च
भाऊजी शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात. जिवंत आहेत.
ताईनं एका दमात सांगितलं. दुपारी दोनला धडधाकट होते, स्वतः तिच्याशी बोलले, मग झोपले. पाचला उठवायला गेली तर तोंड वाकडं, उजवा हात लुळा. आपल्याच हॉस्पिटलात नेलं, डोक्याचा स्कॅन काढला. स्कॅन शहरातल्या मेंदूच्या डॉक्टरांना पाठवायचा, ते हो म्हणाले की गुठळी विरघळवायचं इंजेक्शन. साडेचार तासांच्या आत. म्हणजे साडेसहाच्या आत. पान उघडेना. पंचेचाळीस मिनिटं गोल गोल फिरत राहिलं. फोनवर डॉक्टर म्हणाले, फोटो बघितल्याशिवाय मी इंजेक्शन द्या म्हणू शकत नाही. शेवटी केबलवाला धावत आला, राउटरला पिन टोचून सगळं पुसलं, जुनं सेटिंग लावलं. पान लगेच उघडलं. तेव्हा सहा चाळीस झाले होते.
मी म्हटलं, रीसेट केल्यावर राउटर सुधारतोच. म्हणजे राउटरच बिघडला होता.
ताई म्हणाली, ठेवते.

३० मार्च
शहरातले डॉक्टर ताईला म्हणाले, इंजेक्शननं नक्की फरक पडला असता असं कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. हे वाक्य मी लिहून ठेवतो. कुणीच सांगू शकत नाही.
उजवी बाजू गेली. वाचा गेली.
संकल्प: रविवारी भेटायला जायचं.

२ एप्रिल
रविवारी जमेलसं वाटत नाही. खोकला.
चष्मेवाली टेबलापाशी आली, कागद ठेवला, हळूच म्हणाली, हे आधी तुम्हाला दाखवते. त्या टोकाच्या सर्व्हरच्या सेटिंगमधली एक ओळ. टेस्टिंग चालू असताना गर्दी नको म्हणून सर्व्हरची वाट आहे त्यापेक्षा लांब दाखवायची, मधे खोटे टप्पे घालायचे. मग शेजारची नेटवर्कंसुद्धा त्याला टाळतात आणि समुद्रापार जातात. टेस्टिंग संपलं की ओळ काढायची.
तारीख गेल्या १९ सप्टेंबरची. नाव माझं.
मी म्हटलं, काढणारच होतो. ती म्हणाली, हो सर. ‘हो सर’ इतकं हळू कुणी म्हणत नाही.

२ एप्रिल, दुपारी ४.४०
ओळ काढली. अकरा सेकंदांचं काम. त्या टोकाकडून नऊ मिलिसेकंद. नऊ! चौदापेक्षा कमी. तांत्रिकदृष्ट्या हे माझं यशच म्हणायला हवं.
जेवलो नाही.

११ एप्रिल
चष्मेवाली प्रमुख झाली. साहेब म्हणाले, तुमचा अनुभव आम्हाला हवाच आहे. त्या टोकाच्या बिघाडावर तिनं अहवाल दिला, त्यात कारण ‘मानवी चूक’ असं लिहिलंय. माझं नाव नाही, तिनं घातलं नाही. राग यायला हवा होता. आला नाही.
बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आता ताईंना सांगा. फोनवर नाही.

१९ एप्रिल
दोन रविवार गाळून आज गेलो. बसमध्ये वाक्य तयार केलं. सोपं, पाठ केलेलं.
भाऊजी खिडकीशी खुर्चीत. ताईनं खिमट भरवायला माझ्या हातात वाटी दिली. तिची ड्युटी होती, साडी बदलून आली. पदराला पिन लावत होती, तेव्हा म्हटलं, ताई, राउटर बिघडलेला नव्हता. चूक माझी होती, सप्टेंबरपासून.
ती म्हणाली, ‘हळू बोल. ह्यांना सगळं कळतं, फक्त बोलता येत नाही.’
मी वळून बघितलं. भाऊजी माझ्याकडेच बघत होते. पुढचा चमचा नेला. त्यांनी डाव्या हातानं वाटी बाजूला सारली.
ताई येईपर्यंत बसलो. तीन तास.
ती आल्यावर तिनं भरवलं. खाल्लं.