लाल झाकणाचा थर्मास

मद्रास, १८ मे १९८६, संध्याकाळ

सिंगापूरहून दुपारी घरी पोहोचलो. विमान सहा तास उशिरा सुटलं, पाय सुजून चपलेत मावेनात. तांबरमला टॅक्सीतून उतरतो तर दाराला कुलूप. सासरे घरात नाहीत. बॅगांवर बसून मी ह्यांच्यापाशी आप्पांबद्दल नको नको ते बोलले.

तासाभराने आप्पा लोकलने आले, घामाने चिंब. पहाटेपासून आम्हाला घ्यायला विमानतळावर बसले होते म्हणे. हातात तो लाल झाकणाचा थर्मास. "तिकडे आपली कॉफी कुठली मिळायला, म्हणून आणली होती," म्हणाले. मी तरीही फणकारलेच, "आप्पा, आज तरी घरी थांबायचं ना!"

आता लिहूनच टाकते. विमानतळाबाहेर टॅक्सी वळली तेव्हा तिथल्या बाकावर कुणीतरी मान टाकून झोपलेलं मला दिसलं होतं. मांडीवर लाल झाकण. आप्पा असतील, असं मनात आलंही. पण पुन्हा थांबा, उतरा, बॅगा सरकवून जागा करा... पाच मिनिटांचं तर काम! ते एवढ्या उन्हात कशाला येतील, अशी स्वतःची समजूत घातली आणि डोळे मिटून घेतले. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

त्या लाल झाकणातच आप्पांनी मला कॉफी ओतून दिली. स्वतः घोटभरही घेतली नव्हती. "माझंच चुकलं गं, ऐन वेळी डोळा लागला," म्हणाले.

आणि मी म्हटलं, "असू दे."