टिगचं वजन

प्रिय थेल्मा,

थोरली म्हणून आधी तुझी चौकशी: गुडघे काय म्हणतात, आणि जिलाँगला थंडी पडायला लागली का? इकडे हिल्स्टनला सगळं ठीक. (हेदरचा फोन आला असेल तर आधी माझं वाच. पोरगी माझी, पण बापाविरुद्ध साक्ष द्यायला नेहमी पुढे.)

जोन गेल्यापासून हेदरने एकच टुमणं लावलंय: बाबा, शेत विका आणि डब्बोला माझ्याजवळ राहा. डिसेंबरात आमचा म्हातारा कुत्रा मेला, तेव्हा तिला वाटलं, आता येतील वठणीवर. मी काय केलं, तर केल्पी जातीचं आठ आठवड्यांचं पिल्लू उचलून आणलं. नाव टिग. मग करार ठरला. तीन महिने हे पिल्लू एकट्याने नीट वाढवून दाखवलं, तर विकायचं नाव निघणार नाही. म्हणजे माझं इथलं राहणं त्या एवढ्याशा कुत्रीच्या पोटावर येऊन ठेपलं.

हेदर कुत्र्यांच्या कोरड्या खाद्याच्या दाण्यांचं पोतं ठेवून गेली. मी म्हटलं, मेंढ्यांमागे धावणारी जात, तिला बिस्किटं? आपल्या वडिलांनी जन्मभर कुत्र्यांना कच्चं मटणच घातलं. दोन दिवस मीही तेच घातलं, आणि व्हरांड्याची जी दशा झाली ती लिहीत नाही, तू जेवत असशील. मग गपचूप पशुवैद्य बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, दोन्ही घाला, पण मुख्य जेवण दाण्यांचं, मटण थोडं आणि हळूहळू. नुसत्या मटणावर पिल्लाची हाडं भरत नाहीत. झालं! ज्या माणसाने जोनसारख्या बायकोचं कधी ऐकलं नाही, तो स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन दाणे मोजायला बसला. प्रत्येक जेवण वहीत लिहिलं. तारखेसकट.

आता घरची मेंढी कापली की कुत्र्याचा वाटा पंधरा दिवस कडक गोठवल्याशिवाय घालायचा नाही (जंतांपायी, वडील यावरून किती ओरडायचे, आठवतं ना). त्याला जागा हवी, आणि फ्रीझर हेदरने माझ्यासाठी रांधून ठेवलेल्या डब्यांनी गच्च भरलेला. चाळीस डबे, प्रत्येकावर वार लिहिलेला. मी ते बाहेर काढले, म्हटलं कुठेतरी सोय करू. जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा, दुपारपर्यंत निकाल लागला. शेडमागे खड्डा खणून सगळे पुरले. मग काय, चहा आणि टोस्ट. एकट्या जिवाला लागतं किती?

गेल्या मंगळवारी मुदत भरली. हेदर आम्हा दोघांना घेऊन दवाखान्यात. टिग काट्यावर ठरेना, तेव्हा इथे सगळे करतात तेच केलं: आधी मी कुत्र्याला उचलून काट्यावर उभा, मग एकटा, आणि वजाबाकी. टिग साडेदहा किलो भरली. बाई म्हणाल्या, इतकं नीट राखलेलं पिल्लू वर्षभरात पाहिलं नाही. माझी कॉलर ताठ. हेदर मात्र दुसरा, माझ्या एकट्याचा आकडा बघत होती. एकसष्ट. जोन होती तेव्हा मी सत्तर किलो होतो.

"बाबा, टिगने काय खाल्लं ते वहीत आहे," ती म्हणाली. "तुम्ही काय खाल्लंत?"

मला एकही जेवण आठवेना, थेल्मा. परतताना ती गाडी चालवत रडत होती आणि मला फार लाज वाटली. बेचाळीस वर्षांच्या संसारात मला वाटायचं, भूक लागते म्हणून माणूस जेवायला बसतो. तसं नसतं. कुणीतरी हाक मारतं म्हणून बसतो.

तुझा धाकटा,
क्लॅरी

ता. क. करार मी जिंकलो, हे हेदरला मान्य आहे. पण तिने नवी अट घातली आहे: लोकर कातरणीपर्यंत, म्हणजे ऑगस्टपर्यंत, जेवायच्या टेबलाशी माझ्यासोबत दुसरं माणूस हवं. मी तुझं नाव दिलं.

ता. क. आणखी एक. तू हो म्हणालीस, असंही सांगून टाकलंय. रागावू नकोस. तुला रांधायला बोलावत नाही, रांधीन मीच, जमेल तसं. तू फक्त समोर बस आणि नावं ठेव.