मैदानाची राखण

सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५. संध्याकाळी.

आज केंद्राच्या शिक्षण परिषदेत मी बोलले. ठरवलेलं नव्हतं. सगळे मान खाली घालून मोबाईल बघत होते, त्यामुळे धीर आला असेल. म्हणाले, आपली मुलं वर्गात बसतात, खिचडीला बसतात, घरी जाऊन टीव्हीपुढे बसतात. सहा-सात वर्षांच्या जिवाला एवढं बसवणं पाप आहे. माझ्या शाळेत यापुढे प्रत्येक मूल रोज एक तास मैदानावर असेल. हे आमच्या शाळेचं धोरण.

टाळ्या पडल्या. केंद्रप्रमुख म्हणाले, वा, अश्विनी मॅडम! विस्तार अधिकारी साहेबांना दाखवायलाच घेऊन येतो.

मुलांना सांगायचं तर आधी स्वतः केलं पाहिजे. उद्यापासून पहाटे चालायला जाणे. बूट आहेत. खोक्यात.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

चालणं झालं नाही. जामखेडात थंडी फार.

अंगद सरांना धोरण सांगितलं. शाळेत शिक्षक आम्ही दोघंच, पहिली ते चौथी. ते म्हणाले, धोरण चांगलंय मॅडम, पण पोरं तर खेळतातच की. मी खिडकीतून दाखवलं. दगड, बाभळीचे खुंट, मध्ये खड्डा. म्हटलं, सर, याला खेळणं म्हणत नाहीत, याला उंडारणं म्हणतात.

दुसरीतली तमन्ना पुढे आणि पहिली ते चौथी सगळी मागे. अनवाणी. त्या दगडांतून अशी वळत होती की चौथीतल्या दांडग्या पोरांनाही ती हाती लागेना. बघतच राहिले. बोलावून सांगितलं, पुढच्या महिन्यात जामखेडला तालुक्याच्या स्पर्धा आहेत. लहान गटात तुला पळवायचं. ती म्हणाली, खरंच मॅडम? मी म्हटलं, शब्द. खिचडी न खाता पळाली घरी सांगायला.

शनिवार, २२ नोव्हेंबर

मैदान झालं! तमन्नाच्या वडिलांनी, इम्रानभाईंनी, आपल्या टेम्पोतून मुरूम आणून टाकला. म्हणाले, पोरगी पळनार म्हनल्यावर दगडं ठिवून कसं चालंल, मॅडम? आई इमामबी शिवणयंत्र सोडून दगड वेचायला आल्या. गावातल्या बायका चेष्टा करत होत्या, काय गं इमामबी, पोरीच्या लग्नाचा मांडव घालती व्हय? त्या म्हणाल्या, मांडव कशाला? मांडवातनं पळून जाईल अशी पोरगी हाय माजी.

जाताना माझ्याकडे वळून म्हणाल्या, मॅडम, आमी हाय तुमच्या मागं. तुमी फकस्त तिला पळू द्या.

डोळ्यांत पाणी आलं. शिक्षकाला आणखी काय हवं असतं?

सोमवार, २४ नोव्हेंबर

अंगद सरांनी काल, रविवारी, दिवसभर चुन्याची फक्की टाकून मैदान आखलं. कबड्डी, खो-खो, कडेने धावायचा पट्टा. त्या लालसर मुरमावर पांढऱ्या रेषा काय दिसतात! चाळीस फोटो काढून केंद्राच्या ग्रुपवर टाकले. केंद्रप्रमुखांचा लगेच फोन, साहेब गुरुवारी येतात.

मधल्या सुट्टीत मुलं घुसली. कबड्डीची मधली रेष पाच मिनिटांत गायब. ओरडले. जरा जास्तच जोरात ओरडले असेन, कारण पहिलीतली दोघं रडायला लागली. वाईट वाटलं. पण अंगद सरांची दिवसभराची मेहनत होती.

तेव्हा गुरुवारपर्यंत मैदानावर कोणी जायचं नाही. रेषेवर तर पायच पडता कामा नये. अंगद सर म्हणाले, मॅडम, मैदान खेळायलाच केलंय ना? मी म्हटलं, सर, धोरण आधी दिसावं लागतं, मग राबवता येतं.

ते 'बरं' म्हणाले. त्यांचं ते 'बरं' मला आवडत नाही.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

साहेब आले नाहीत. मीटिंग होती. आता बुधवार नक्की.

खेळाचा तास चुकू नये म्हणून शाळेच्या ओट्यावर घेतला. बसल्या बसल्या हात वर, हात खाली. त्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला. खूप अंगठे आले. एका शाळेच्या मॅडमनी विचारलं, तुमची मुलं इतकी एका लयीत कशी हो? मी लिहिलं, सराव.

ओट्यावर दाटी फार होते. ढकलाढकलीत पहिलीतल्या अमृतचा दात पडला. दुधाचा होता, हलतही होता म्हणे. धोरणाशी संबंध नाही.

चालणं: स्कूटी शाळेच्या फाटकाशी लावून ओट्यापर्यंत चालत जायचं ठरवलं. पण फाटक ते ओटा म्हणजे मधे मैदान. रेषा पुसल्या जातील. कडेकडेने स्कूटीच नेली.

बुधवार, ३ डिसेंबर

साहेबांना ताप. पुढचा आठवडा.

सकाळी बघते तर खो-खोच्या पट्ट्यात कोणाची तरी शेळी आरामात बसलेली. लेंड्याही. अंगद सरांनी परत फक्की टाकली.

एक युक्ती सुचली आणि मनावरचं ओझंही उतरलं. तमन्ना रोज दारात उभी राहून मैदानाकडे बघते, ते मला बघवत नव्हतं. तिला मैदानाची राखणदार केलं. सगळ्यांसमोर नाव पुकारलं. रेष कुठे पुसट झाली तर नीट करायची, त्यासाठी भोकं पाडलेला फक्कीचा डबा तिच्या हातात दिला. केवढी खूश झाली! दुपारी शेळी परत आली, तर तिने ती पार ओढ्यापर्यंत हाकलली. मैदानाच्या कडेने पळत गेली आणि कडेनेच आली. एकाही रेषेला पाय लागला नाही. गुणी पोर.

तेवढाच तिचा सरावही झाला.

सोमवार, ८ डिसेंबर

शाळेत शिस्त आली आहे. सुट्टीची घंटा झाली तरी गोंगाट नाही. मुलं उठून ओट्यावर येतात, बसतात. खेळाने शिस्त येते असं मी परिषदेत म्हणाले होतेच.

अंगद सर म्हणाले, मॅडम, खेळाने नाही, खेळ बंद केल्याने आलीय ती. मी म्हटलं, सर, तुम्ही फार नकारात्मक बोलता. मग दिवसभर ते वाक्य कुसळासारखं टोचत राहिलं.

दुपारी इमामबी आल्या. विचारलं, मॅडम, तमन्नाला पळवताय ना? घरी आली की अंगनातबी पळंना. म्हनती, रेष पुसंल. आता आमच्या अंगनात कुठली आलीय रेष? मी म्हटलं, तिची तयारी माझ्या डोक्यात आहे. साहेब येऊन गेले की दुसऱ्या दिवसापासून रोज. त्या म्हणाल्या, डोक्यात नगं मॅडम, पायात पायजे.

चहा केला त्यांच्यासाठी. घेतला नाही. मशीनवर काम पडलंय म्हणाल्या.

उद्या सकाळी शाळा भरायच्या आधी तमन्नाला घेऊन डांबरी रस्त्यावर स्वतः पळायचं. अगदी ठरलं. बूट खोक्यातून काढून दाराशी ठेवले.

मंगळवार, ९ डिसेंबर

गुडघा. शिवाय रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. दुसऱ्याचं लेकरू, जोखीम कशी घ्यायची?

शुक्रवार, १२ डिसेंबर

साहेब आले!

गाडीतून उतरून ओट्यावरूनच मैदान बघितलं. म्हणाले, अरे वा, एकही पाऊल उमटलेलं नाही, इतकं स्वच्छ मैदान तालुक्यात नाही. मग विचारलं, मुलं खेळतात ना रोज?

मी म्हटलं, रोज, सर. एक तास.

मुलं समोरच रांगेत बसली होती. तमन्ना डबा मांडीवर घेऊन पहिल्या ओळीत. तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मॅडम म्हणतात म्हणजे तसं असेल, असं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

साहेबांनी पोहे खाल्ले. जाताना म्हणाले, जानेवारीत जिल्ह्याहून मोठे साहेब आणतो, हे असंच्या असं ठेवा.

मी हो म्हणाले. म्हणायला नको होतं. पण तोंडातून आधी हो गेलं आणि मागून मी पोचले. मुलांना काय सांगायचं हा प्रश्न होता. सांगितलं, अजून थोडे दिवस. कोणी कुरकुर केली नाही.

स्पर्धा गुरुवारी. तमन्ना मुळातच वेगवान आहे. अशा मुलांना जास्त सराव दिला तर उलट थकतात.

गुरुवार, १८ डिसेंबर. दुपारी.

तालुक्याच्या स्पर्धा पार पडल्या. तमन्नाचा शेवटचा नंबर. थंडी, नवी जागा, लाऊडस्पीकरचा आवाज. लहान मुलं बावरतात. सहभाग महत्त्वाचा.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

वर लिहिलं ते खोटं आहे. माझ्याच वहीत मी कोणाला फसवते आहे?

इम्रानभाईंनी सगळ्या मुलांना टेम्पोत घालून आणलं होतं. इमामबींनी तमन्नाला नवा फ्रॉक शिवला होता, पळताना अडू नये म्हणून गुडघ्याच्या वर. शिट्टी झाली आणि ती सुटली. सुरुवातीला जरा अडखळली, मग ते दगडांतलं पळणं पायात परत आलं. सगळ्यांच्या पुढे. बरीच पुढे. अंगद सर उड्या मारत होते. मी शेवटच्या रेषेपाशी मोबाईल धरून उभी.

रेषेपाशी आली आणि थांबली.

पडली नाही, दमली नाही. कचकन थांबली. पायाची बोटं रेषेच्या अलीकडे नीट जुळवली आणि उभी राहिली. फक्की ताजी होती. इमामबी ओरडत होत्या, अगं पळ की! पळ की गं बये! तिने माझ्याकडे पाहिलं. मी हाताने ये, ये करत होते, तर तिला वाटलं मी मागे हो म्हणतेय. एक पाऊल मागे सरली. बाकीच्या सगळ्या शेजारून निघून गेल्या. मग तिने रेषेच्या टोकाला जाऊन वळसा घातला आणि कडेने माझ्याकडे आली. म्हणाली, मॅडम, त्यांनी सगळी पुसली.

लोक हसले. मीही हसले. का हसले?

इम्रानभाईंनी तिला उचलून खांद्यावर घेतलं. टेम्पोत चढताना इमामबी म्हणाल्या, शेळीला बी एवढं शिकवता येत न्हाई मॅडम. लई शिकवलं तुमी.

अंगद सर 'बरं' सुद्धा म्हणाले नाहीत.

मोबाईलमध्ये तो व्हिडिओ आहे. काढून टाकवत नाही, बघवतही नाही.

शुक्रवार, १९ डिसेंबर

तमन्ना येणार नाही असं वाटलं होतं. आली. वेळेवर.

मधल्या सुट्टीत घंटा मीच दिली आणि ओट्यावर उभं राहून सांगितलं, जा, मैदानात जा, खेळा. कोणी हललं नाही. अमृतने विचारलं, मोठे साहेब येऊन गेले का, मॅडम? म्हटलं, नाही. येऊ देत नाहीतर न येऊ देत. जा तुम्ही. ती एकमेकांकडे बघत बसून राहिली. ही काहीतरी परीक्षा आहे असं त्यांना वाटलं असावं.

मग मीच उतरले. कबड्डीच्या मधल्या रेषेवर उभी राहिले आणि चपलेने पुसायला लागले. मागे ओट्यावर कोणीतरी 'आगाऽऽ' केलं. फक्की मुरमात चांगली मुरली आहे, लवकर जात नाही. दम लागला. साडीचा काठ पांढरा झाला. तरी पुसत पुसत पार टोकापर्यंत गेले. म्हटलं, आता तरी येतील.

वळून पाहिलं. एकच आली होती. तमन्ना, हातात डबा घेऊन, माझ्या मागे मागे, मी पुसलेलं नीट करत.