एकेचाळीस कमिट

३ जून
आजपासून मी कोडर. मराठी शब्दकोशाचं एक फुकट ॲप आहे, कुठकुठले लोक मिळून ते लिहितात. आता मीही. इन्स्टॉलेशनची हमाली मी करत नाही. शिळफाट्याला सिराजचाचांच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात लॅपटॉप टाकला. मशीन विचारील ते सगळं भरून ठेवतो रं, म्हणाले.

१९ जुलै
माझे एकेचाळीस कमिट झाले! ॲपमध्ये केलेला प्रत्येक बदल म्हणजे कमिट. आबांना तीनदा सांगितलं, व्यर्थ. त्यातले अडतीस नुसत्या जास्तीच्या मोकळ्या जागा काढण्याचे. शिस्त लागते. समीक्षा कर्जतचीच, माझ्या कॉलेजची. महिनाभर खपून तिचे नऊ. बिचारी.

२ ऑगस्ट
एक कंपनी या ॲपसाठी एक माणूस घेणार. ज्याचे कमिट जास्त, त्याला कमिटवर नोंदलेल्या ईमेलवर कळवणार. सात दिवसांत उत्तर नाही आलं, तर पुढचा. समीक्षा म्हणाली, कमिटच्या इतिहासात तुझा ईमेल एकदा बघून घे. कारकुनी सल्ला! मी मागे वळून बघत नाही.

३ ऑगस्ट
मोहोपाड्याच्या फॅक्टरीतल्या स्टोअरकीपरीचा राजीनामा. आबा म्हणाले, हातात कागुद नाय नि नोकरी सोडलीस रं? भातशेतीपलीकडे दृष्टीच नाही.

५ ऑगस्ट, दुपारी
मेल नाही. मोठ्या कंपन्यांना वेळ लागतो.
सिराजचाचांना मात्र ठगांनी गाठलंय. कोणी म्हणे तुमचं काम आवडलं, नोकरीला या. फ्रॉड हाय का रं, विचारत होते. पहिलीच ओळ : डिअर सिराज मोबाइल. पुढचं वाचलंच नाही. साठीच्या माणसाला कोण नोकरी देतं! उत्तर मीच टाइप केलं : 'तुमच्यासारखे भुरटे रोज बघतो. पुन्हा मेल आला तर पोलिसांत देऊ.' भोळ्या लोकांना आम्ही नाही सांभाळायचं तर कोणी?

१० ऑगस्ट
मेल नाही. स्पॅमही पाहिलं.

१३ ऑगस्ट
नोकरी समीक्षाला! पहिल्या माणसाने उलट धमकी दिली म्हणे. कोण हा गाढव? त्याचा ईमेल काढून सुनावावं म्हणून कमिटचा इतिहास उघडला. पहिल्यांदाच.
एकेचाळीस कमिट. प्रत्येकावर नाव सिराज मोबाइल. ईमेल दुकानाचा.

१४ ऑगस्ट
सकाळी फॅक्टरीत गेलो. माझ्या खुर्चीवर दुसरा बसलाय. फार लाज वाटली.
मग चाचांचं दुकान. सगळ्याच गिऱ्हाइकांच्या मशीनवर दुकानाचं नाव नि ईमेल टाकतो, म्हणाले, तुमी लोक पासवर्ड विसरता. मी भांडायलाच गेलो होतो, पण त्यांनी चहा मागवला. खूश होते. तू लिवून दिलंस ते जबर होतं रं, म्हणाले, परत एक मेल नाय आला.